लेकीच्या घरचं पाणी

सुरतला नेहलच्या, म्हणजे लेकीच्या बाळाचं बारसं होतं आणि खापर गावचे प्रेमचंदशेठ उतरायला हॉटेल शोधत होते. मुलगा रिषभ मोबाईलवर एकेक दाखवत होता. जन्मात कांदा न खाल्लेले शेठ नाकानं मात्र कांदे सोलत होते. "इथं अंडी शिजतात! आणि इथं तर मी म्हैसही बांधणार नाही!"

"नेहलचं घर केवढं मोठं आहे," त्यांच्या पत्नी तीजाबाई म्हणाल्या.

"अक्कल आहे का? लेकीच्या घरचं आपण पाणीसुद्धा पीत नाही."

"तिनं पाठवलेली घारीची मिठाई मात्र डबा चाटूनपुसून खाता."

"घारी तुपातली. तिच्यात पाणी कुठं?"

नवऱ्याकडे न बघताच तीजाबाई मुलाला म्हणाल्या, "रिषभ, खोली शेठजींच्या एकट्यापुरतीच बघ. मला तहान लागलीय."