सुतक फिटल्यावरचा चहा

तेरावा दिवस उजाडला, सुतक फिटलं, आणि कस्तुराबाईनं गॅसवर चहाचं मोठं पातेलं चढवलं. आता बघू कोणती सबब सांगतात, ती मनाशी म्हणाली.

बाहेर ओसरीवर तिच्या नवऱ्याचे, माणिकबापूंचे, गुण गायले जात होते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! जिवंतपणी ज्यांनी त्यांना 'शेणबापू' म्हणून हिणवलं, तीच माणसं आज 'बापू म्हंजी देवमाणूस' म्हणत होती. गावात गोबरगॅस आणला तो बापूंनीच. पहिली टाकी स्वतःच्या परसात बांधली, मग दारोदार फिरून गावाला बांधायला लावल्या. परभणीच्या रेडिओवर त्यांची मुलाखतही झाली होती.

"बायांचे डोळे वाचले ओ बापूमुळं," दत्तराव सांगत होते. हे बापूंचे चुलतभाऊ, भावकीत वडीलधारे. "धूर गेला, खोकला गेला, सरपनाला रानोमाळ हिंडनं गेलं. आमच्या घरची तर सकाळ-सांज त्यायचं नाव घेती."

नाव घेती अन् चहा घेत न्हाई, आत कस्तुराबाई पुटपुटली.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. काही वर्षांमागं बापूंनी आपल्या टाकीला संडासाची नळी जोडली. आचेला विटाळ नसतो, जळालं की सगळं सारखंच, असं ते चावडीवर पटवत बसले. लोकांनी माना डोलावल्या आणि त्या दिवसापासून या घरचा चहा सोडला. काहींना तर वेगळाच शक: आपल्या टाकीलाही बापूनं गुपचूप नळी जोडली नसेल कशावरून? दोघांनी रात्रीतून आपापल्या टाक्यांभोवती उकरूनही पाहिलं. तोंडावर मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. कुणाला पित्त असे, कुणी आत्ताच पिऊन आलेला असे. गेले बारा दिवस सुतकानं सगळ्यांची लाज राखली होती.

अंगणात पंगतीसाठी चर खणून लाकडं पेटवली होती. एवढ्या माणसांना गॅस पुरणार नाही, हे दत्तरावांचं म्हणणं खरं होतं. पण ते किती घाईनं म्हणाले, हे तिनं पाहिलं होतं. असू दे. जेवण लाकडावरचं होईना का, बापूंच्या आचेवरचा एक घोट एका तरी माणसानं घ्यावा, एवढंच तिला हवं होतं. नाहीतर हे गुणगान खरं कसं मानायचं?

पेल्यांनी भरलेली परात घेऊन ती ओसरीवर आली.

"मला डाक्तरनं चहा बंद केलाय, वैनी," किशनराव म्हणाले. मानवतच्या एसटी स्टँडवर खारी बुडवून चहा पिताना त्यांना परवाच कुणीतरी पाहिलं होतं. भावकीतल्या पंचफुलेला उपास आठवला. उपासाला चहा चालतो, हे तिला शेंबडं पोरही सांगेल. दत्तरावांची मात्र पंचाईत झाली. मोठेपणा आड आला. त्यांनी पेला घेतला आणि हातात धरून बसले.

"घ्या की भावजी. थंड व्हायलाय."

"घेतो, घेतो. लय गरम हाय."

कस्तुराबाई हलली नाही. आज पेला तोंडाला लागल्याशिवाय ती हलणारच नव्हती.

तेवढ्यात भिंतीशी बसलेली धुरपताबाई बोलली. हिचं घर बापूंच्या परसाला लागून.

"आधी तू घे की, कस्तुरा."

"मी घेते मागून."

"मागून म्हंजी कोनता? गोठ्याआडच्या चुलीवरला?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बापूंचं जेवण कस्तुराबाई गॅसवर करायची, पण स्वतःची भाकर आणि चहा, ते शेतात गेले की, गोठ्याआड तीन दगडांवर. कुणी विचारलं तर पाणी तापवते म्हणायची. नळी जोडल्यापासून त्या निळ्या आचेवरचा एक घोट तिच्या पोटात गेला नव्हता. बापूंना कळलं असेल का, याचा तिला कायम शक होता. एकदा त्यांनी विचारलं होतं, "डोळे लाल कामून झाले?" आणि उत्तराला न थांबता ते निघून गेले होते.

सगळी ओसरी आता तिच्याकडे बघत होती. तिनं परात खाली ठेवली, एक पेला उचलला. नको नको म्हणताना तो आधी नाकाशी गेलाच. आल्याचा वास आला. तिनं डोळे मिटले आणि घोट घेतला.

चहा चहासारखाच होता.

तिनं आणखी एक घोट घेतला. साखर, आलं, दूध. दुसरं काहीच नाही. एवढ्याचसाठी आपण वर्षानुवर्षं धुरात बसलो? एवढ्याचसाठी त्या माणसाला समोर एकट्याला पिऊ दिलं? दोन पेले घेऊन एकदा शेजारी बसलो असतो तर काय बिघडलं असतं! बारा दिवस लोकांपुढं कोरडी राहिलेली कस्तुराबाई तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडायला लागली.

दत्तरावांनी ते पाहिलं. हातातला भरलेला पेला त्यांनी हळूच खांबाआड सरकवला आणि किशनरावांच्या कानाशी लागून म्हणाले, "म्हनलं न्हवतं म्या, चहाला वास येतो म्हून?"