दत्तारामचं घड्याळ

"अरे, सातवा भाग पुन्हा लाव! ह्यांचं घड्याळ दिसायचं तो!" हेमलताबाई टीव्हीवर खेकसल्या.

'ध्रुवापलीकडे' या जुन्या मालिकेत त्यांचा नवरा दत्ताराम तेविसाव्या शतकातला यानचालक झाला होता. लग्नातलं चावीचं घड्याळ मात्र काढायला विसरला होता. त्या चुकीला हसायला लोक चाळीस वर्षं मालिका पुन्हा पुन्हा लावत. घड्याळ पुढे हरवलं, दत्ताराम गेला. दर श्राद्धाला हेमलताबाई तो भाग बघायच्या.

आज त्याचं मनगट मोकळं होतं.

"जुन्या मालिकांतल्या सगळ्या चुका सुधारल्यात," टीव्ही अदबीनं म्हणाला. "मूळ प्रत आता कुठेच नाही. हवं तर घड्याळ घालून देतो. पट्टा कसा होता?"

चामड्याचा? की स्टीलचा? हेमलताबाईंना काही केल्या आठवेना.