दोनशे सातवा न्यायाधीश

यादीत दोनशे सहाव्या नावाखाली आश्लेषानं आणखी एक नाव टाइप केलं. जोनाथन पेल, नेमणूक १७५६. मग खुर्चीत मागे रेलून ती त्या नावाकडे कौतुकानं बघत बसली. असा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता.

बाकीची चारशे अकरा माणसं मात्र खरी होती. इंग्रजांच्या अमलात पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरनं गावोगाव नेमलेले हे न्यायाधीश. कुणी गिरणीवाला, कुणी खानावळवाला. त्यांच्या नेमणुकांचे कागद हुडकण्यात आश्लेषाची तीन वर्षं गेली होती. पहाटेच्या बसनं हॅरिसबर्गचा सरकारी दफ्तरखाना गाठायचा, दिवसभर पुसट अक्षरं वाचायची आणि डब्यातली पोळी-भाजी बाहेर बाकावर बसून खायची. एवढ्या मेहनतीत पुण्यात दोन लग्नं जमवली असती, असं आई फोनवर म्हणायची.

या न्यायाधीशांची एक गंमत होती. गव्हर्नरला कुणी नकोसा झाला तर तो त्याला काढत नसे. नवी यादी करी आणि तिच्यात त्याचं नाव घालत नसे, बस. कोर्टाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर यादी वाचली जाई. आपलं नाव आलं नाही, की माणूस काय ते समजून टोपी उचलून घरी जाई.

हे ऐकताना कसं वाटत असेल, ते आश्लेषाला पक्कं ठाऊक होतं. ही गंमत तिनंच शोधून काढली होती आणि २००४ मध्ये भोळेपणानं सुमेधाताईला सांगितली होती. सुमेधा नागपूरची, इतिहासाच्याच पीएचडीत पाच वर्षांनी पुढे, अपार्टमेंटमध्ये शेजारच्या खोलीत राहणारी. आश्लेषाला पहिला हिवाळी कोट तिनंच घेऊन दिला होता. सहा महिन्यांनी तो शोध एका मासिकात छापून आला. वर नाव एकट्या सुमेधाचं. आभारांतसुद्धा आश्लेषा नव्हती.

"अगं, घाईत राहून गेलं," एवढंच ताई म्हणाली होती. आश्लेषानं "इट्स ओके" म्हटलं, आणि तेव्हापासून दोन वर्षं तिच्या पोटात निखारा होता.

आता ताईला पूर्ण यादी हवी होती. फिलाडेल्फियाच्या परिषदेत ती मांडायची आणि मग छापायची, असं ठरलं होतं.

"झाली का गं?" सुमेधा दारात उभी होती. हातात पोह्यांच्या दोन बश्या, वर नागपुरी तर्री.

"झाली. ईमेल करते."

"नीट चेक केलीस ना? मी परत चेक करत बसणार नाही, यार. तुझ्यावर डोळे मिटून ट्रस्ट आहे माझा."

"एकूण एक नाव चेक केलंय."

"आणि हो, तुझं पूर्ण नाव सांग. वडिलांच्या नावासकट."

"कशाला?"

"एका फॉर्मला लागतंय."

लीज रिन्यू करायची होती, त्याचाच फॉर्म असणार. "आश्लेषा त्र्यंबक सोवनी," तिनं सांगितलं आणि बशी पुढे ओढली. पोहे झकास झाले होते.

"फिलीला तू येतेयस. आणि ती जांभळी इरकल नेस."

"प्रेझेंट तू करणार. मी कशाला नटू?"

"या वेळी बघच तू!" सुमेधा हसत म्हणाली.

आश्लेषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलाच माल पळवायचा आणि टाळ्या वाजवायला आपल्यालाच नटून बोलवायचं! चोर तो चोर, वर शिरजोर.

परिषदेला आठवडा उरला असताना तिनं लायब्ररीत जाऊन नवं ईमेल खातं उघडलं. परिषदेचे अध्यक्ष प्रोफेसर हॅलोरन यांना दोनच ओळी लिहिल्या. यादीतला दोनशे सातवा न्यायाधीश बनावट आहे, मूळ कागद तपासा. इतिहासाच्या धंद्यात चुकीला माफी असते, रचलेल्या नावाला नसते. असं नाव सापडलं की माणसाला पुन्हा कुठलं विद्यापीठ दारात उभं करत नाही. एक क्षणभर तिला त्या हिवाळी कोटाची आठवण आली. मग तिनं सेंड दाबलं.

शनिवारी सकाळी हॉल भरला होता. दारात कार्यक्रमपत्रिका मिळाली, ती आश्लेषानं न उघडताच पर्समध्ये कोंबली. त्यावर ताईचं नाव वाचण्याची तिला हौस नव्हती. इरकल सावरत ती मुद्दाम पहिल्या रांगेत जाऊन बसली. तमाशा तिला जवळून बघायचा होता.

सुमेधा व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होती, इतक्यात हॅलोरन उठले.

"ही यादी आज मांडली जाणार नाही," ते म्हणाले. "आम्हाला एक ईमेल आलं. आम्ही दोनशे सातवं नाव तपासायला दिलं. उत्तर काल संध्याकाळी आलं. जोनाथन पेल कुठल्याही कागदात नाही. हे नाव रचलेलं आहे."

सुमेधा पांढरीफटक पडली. तिनं वळून थेट आश्लेषाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती भीती होती. असू दे. आश्लेषानं नजर हटवली नाही. पोटातला निखारा विझून तिला कसं गार गार वाटत होतं.

"प्रोफेसर, प्लीज," सुमेधा घाईघाईनं म्हणाली, "यादी मी पाठवली. दोष माझा समजा."

"तुम्ही फक्त ओळख करून देणार होता," हॅलोरन म्हणाले. "ज्याचं काम, त्याची जबाबदारी."

त्यांनी चष्मा चढवला, कार्यक्रमपत्रिका समोर धरली आणि यादीच्या कर्त्याचं नाव सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, अडखळत, वडिलांच्या नावासकट वाचलं.

"आश्लेषा त्र्यंबक सोवनी."