बारा रविवार

अणुपाणबुडी तीन महिने समुद्राच्या पोटात होती. वरून निरोप यायचे. खालून पाठवायची सोय नव्हती. दर रविवारी कॅप्टनला बायकोचा निरोप यायचा. आज पडदे धुतले. आज नळ पुन्हा गळायला लागला. आज तुमची फार आठवण आली. त्या दोन ओळींवर तो आठवडा काढायचा.

घरी परतला, तर दाराला कुलूप.

"त्या तर तुम्ही निघालात त्याच दुपारी बॅगा घेऊन गेल्या," शेजारीण म्हणाली. "नंतर काही दिसल्या नाहीत."

तो तणतणत नौदलाच्या तळावरच्या ऑफिसात गेला. निरोप पाठवणारा कारकून गोंधळला.

"मॅडमनी बाराही निरोप पहिल्याच दिवशी दिले होते, साहेब, तारखा घालून. मागच्या खेपेला तुम्हीही त्यांच्यासाठी अशीच बारा पत्रं ठेवून गेला होतात. मला वाटलं, तुमच्या घरची पद्धतच आहे."