सात नंबरची दुपटी

तिसऱ्यांदा बुटाची नाडी बांधायला तो खाली वाकला, तेव्हा मागून येणारी बाईही तिसऱ्यांदा थांबली. नाडी सुटलेली नव्हतीच. ते तिलाही दिसत होतं.

"ताई, तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला.

"मला नाही जाता येत. मी शेपूट आहे."

बाईच्या अंगात पिवळं जाकीट होतं. लहान मुलांच्या हॉस्पिटलला मदत म्हणून ठेवलेली ही पाच किलोमीटरची दौड, आणि अशा दौडीत सगळ्यात मागे एक माणूस मुद्दाम ठेवलेला असतो. त्याने कुणाच्या पुढे जायचं नाही आणि कुणाला मागे सोडायचं नाही. तो गेला की मगच रस्ता खुला होतो. बाकीची मंडळी केव्हाच पोचून केळी खात बसली होती. इथे मात्र एका धडधाकट माणसापायी चौकातला पोलीस सारखा घड्याळ बघत होता आणि अडकलेल्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

धडधाकट म्हणजे अगदी धडधाकट. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो, दिवसाला दहा इमारतींचे जिने चढायचा. पहिले चार किलोमीटर वाघ मागे लागल्यासारखा पळाला. मग हा कोपरा आला, झाडांच्या वर हॉस्पिटलची पाण्याची टाकी दिसली आणि पायांनी दगा दिला.

दौड संपणार होती त्याच हॉस्पिटलच्या आवारात. तिथे तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या खोलीत त्याची मुलगी होती. नऊ दिवसांची. वेळेआधी आलेली, मूठभर. तिला त्याने अजून बघितलेलं नव्हतं. रोज घरून निघायचा आणि रोज फाटकापासून माघारी फिरायचा. दौडीचा फॉर्म भरला तो एवढ्याचसाठी, की गर्दीच्या रेट्यात आपोआप आत ढकलले जाऊ. पण गर्दी कुणासाठी थांबते थोडीच. ती गेली निघून.

खिशातला फोन थरथरला. बायको. नऊ दिवस ती वरच होती, मुलीपाशी. त्याने उचलला नाही. चार पावलं पुढे गेला, दोन मागे आला. टोपी काढली, परत घातली.

"मी सोडतो," तो म्हणाला. "झाली तुमची सुटका."

"सोडा की. छातीवरचा नंबर तेवढा काढून द्या. आत जमा करावा लागतो, नाहीतर दिवसभर तुम्हाला शोधत बसतील."

तो पिना काढायला लागला. लिफ्टची अडकलेली दारं चुटकीसरशी उघडणाऱ्या हातांना चार पिना आवरेनात. एक बोटात घुसली. बाईने त्याचा हात बाजूला केला आणि स्वतःच काढू लागली.

"पायात गोळा आलाय का?"

"नाही." आणि मग बायकोलाही न सांगितलेलं त्याने या परक्या बाईला सांगून टाकलं. "मुलगी आहे माझी वर, तिसऱ्या मजल्यावर. आधीचा मुलगाही तिथेच होता. त्याला सकाळी डोळे भरून बघितलं आणि संध्याकाळी तो गेला. माझी नजर चांगली नाही, ताई. मी लांब आहे तोवर ती सुखरूप आहे."

खुळेपणाच होता. त्यालाही ते कळत होतं, पण नुसतं कळून काय उपयोग.

तिसरी पिन बाईच्या हातात तशीच राहिली. "कितवा नंबर?"

"माझा? तो तर तुमच्या हातात…"

"तुमचा नाही हो. मुलीच्या खाटेचा."

"सात."

"सात?" बाईला हसूच आलं. "अहो, मी तिथेच असते. तळघरात, धुलाईला. सतरा वर्षं झाली. बाळ एकही बघितलेलं नाही, पण दुपटी सगळ्यांची ओळखते. कोपऱ्यात खाटेचा नंबर शिवलेला असतो ना. बाळाचं दुखणं वाढलं की दुपटी कमी येतात. यायची बंद झाली, की त्या दिवशी आम्ही कुणी कुणाशी बोलत नाही."

"आणि सातची?" त्याने विचारलं.

"सातने जीव खाल्लाय माझा. आधी दिवसाला दोन यायची. परवा सहा आली, काल अकरा. प्यायचं आणि भिजवायचं, दुसरा उद्योग नाही. काल मी म्हटलंसुद्धा, कुणाचं आहे हे कार्टं, एकदा ह्याच्या आईबापाला गाठलं पाहिजे."

त्याला रडू फुटलं. भर चौकात, पोलिसादेखत, हॉर्नच्या गोंगाटात तो रडला. बाईने काढलेल्या पिना पुन्हा लावल्या.

"चला आता. लोकांना घरी जायचंय."

तो पळाला नाही, भराभर चालला. कमान ओलांडली. कुणीतरी पदक पुढे केलं, ते त्या माणसाच्या हातातच राहिलं. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता. तो जिन्याने निघाला. दुसऱ्या मजल्यावर पाय पुन्हा अडला. त्याने मागे बघितलं. बाई चार पायऱ्या खाली धापा टाकत उभी होती.

"तुमचं काम खाली संपलं ना, ताई?"

"माझ्या पुढचा माणूस अजून पोचला नाही."

तिसऱ्या मजल्यावर काचेच्या दारात सिस्टर आडवी आली. "कोण तुम्ही?"

"सातचा बाबा."

"आणि नऊ दिवस कुठे होतात?"

त्याने टोपी काढली.

"शेवटून पहिला आलाय, सिस्टर," मागून बाई म्हणाली. "घ्या आत."

त्याने हात धुतले, अंगावर गाऊन चढवला आणि डोळे मिटून, बायकोच्या खांद्याला धरून तो आत गेला. त्याला खुर्चीत बसवलं. छातीवर काहीतरी ठेवलं. वजन असं नव्हतंच, नुसती ऊब होती. त्याने डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.

"उघड डोळे," बायको म्हणाली. "ती केव्हाची तुझ्याकडेच बघतेय."