एकतीस टक्के

"एकतीस टक्के वीज कमी जळली," अध्यक्षसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले. "कशी काय?"

"वाचवली, साहेब," वायरमन म्हणाला.

चौकशी समितीतल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेजारच्या सरकारी इमारतीत ऊर्जा बचत योजना होती, माणूस दिसला की आपोआप लागणारे दिवे होते, उद्घाटनाची पाटी होती. तिथला वापर वाढला होता आणि त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. या इमारतीत यातलं काहीच नव्हतं. पाणी मुरतंय ते इथेच.

"कोणत्या योजनेखाली वाचवली?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

"बटणं बंद केली, मॅडम. जेवायच्या सुट्टीत सगळे उठले की मी एक फेरी मारतो."

"आदेश कुणाचा?"

"आदेश कसला? सवयच आहे. घरीही हेच करतो."

तिसरे सदस्य लिहिता लिहिता थांबले. "म्हणजे लेखी परवानगीशिवाय शासकीय उपकरणांना हात लावता."

वायरमनच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. एक ठपका बसला की पेन्शन अडकलीच. "तिथे अक्कल पाजळू नका," बायकोने सकाळी डबा हातात देताना बजावलं होतं.

अध्यक्षसाहेबांचा आवाज एकदम मवाळ झाला. "काका, मीटर बिघडलाय ना हो?"

मीटर गेल्याच वर्षी वायरमनने स्वतः उभं राहून बसवून घेतला होता.

"असेल, साहेब."

"असेल नको. बिघडलाय का?"

"बिघडलाय."

कागद तयारच होता. 'मीटर नादुरुस्त. प्रत्यक्षात बचत झाल्याचे आढळून येत नाही.' साहेबांनी आपलं पेन पुढे केलं, वायरमनने सही केली. समितीचा जीव भांड्यात पडला. चहा संपवून तिघंही बाहेर पडले.

रिकाम्या खोलीत पाच पंखे गरगरत होते. वायरमनचा हात बटणांकडे गेला, तेवढ्यात दार उघडलं. साहेब पेन विसरले होते. वायरमनने वर गेलेला हात तसाच डोक्यावर नेला आणि नसलेले केस सारखे केले.

साहेबांनी पंखे पाहिले, दिवे पाहिले, मग तो हात पाहिला. पेन खिशाला लावलं.

कोपऱ्यातला एक दिवा तेवढा बंद होता. जाता जाता साहेबांनी तोही लावला.