पडद्याचं कापड

घरामागे पवनचक्की उभी राहिली आणि रोज संध्याकाळी साडेपाचला तिच्या पात्यांची सावली थेट स्वयंपाकघरात फिरू लागली. क्षणात उजेड, क्षणात अंधार. तिथेच मशीनवर शिवणकाम करणाऱ्या बायकोला त्याने गरगरायचं. म्हणून सुतार हातातलं काम टाकून यायचा आणि सावली सरकेपर्यंत, चांगला अर्धा तास, खिडकीत चादर ताणून उभा राहायचा. नुसतं उभं राहून करणार काय, म्हणून बोलायचा. एरवी दिवसभर त्याच्या तोंडात खिळे असायचे.

लोकांनी आरडाओरडा केल्यावर कंपनीने घरोघरी पडद्यासाठी जाड कापड वाटलं. त्यालाही आता दोन वर्षं झाली होती.

आज कंपनीची बाई पाहणीला आली. "तुमचाच पडदा राहिलाय की हो. बाकी अकरा घरांचे तर तुमच्या या ताईंनीच आठवड्याभरात शिवून दिले."

सुताराला हे नवीनच होतं. बाई गेल्यावर त्याने तोंडातल्या खिळ्यांआडूनच विचारलं, "आपला कधी व्हायचा?"

"त्या रंगाचा दोरा कुठे मिळतोय," बायको मान वर न करता म्हणाली.

मशीनवर त्याच रंगाचं रीळ होतं. सुताराने ते नीट पाहिलं. मग घड्याळ पाहिलं, तोंडातले खिळे काढून डबीत टाकले आणि चादर उचलली.

"होऊ दे सावकाश," तो म्हणाला. "मला तरी अजून पडद्याची दांडी ठोकायला सवड कुठे झालीय."